टाकीचं कुलूप

ट्रॅक्टर विकायचा की ठेवायचा हे ठरवायला घरातले सगळे जमले, आणि एकोणीस वर्षं तो ट्रॅक्टर जिनं चालवला तिला बोलावणं सगळ्यांत शेवटी गेलं. तेही स्वयंपाकघराच्या खिडकीतून. "वन्सं, या आता आत. सगळे खोळंबलेत," मोठ्या वहिनीनं हाक मारली. जसा काही उशीर तिनंच केला होता.

मधली त्या वेळी शेडमध्ये उकिडवी बसून फिल्टरची वाटी धूत होती. वर दादा, खाली धाकटा आणि अधेमधे ही, म्हणून घरात तिला मधलीच म्हणत. केस पिकायला लागले तरी नाव तेच राहिलं. तीन आठवड्यांत ही वाटी तिनं पाच वेळा धुतली होती. फिल्टर नवा घातला होता. टाकीपासून पंपापर्यंतची नळी काढून तोंडानं फुंकली होती, पंपाची जाळी जुन्या टूथब्रशनं घासली होती. दुखणं मात्र जागच्या जागी. ट्रॅक्टर सकाळी चालू व्हायचा, अर्धा तास नांगर ओढायचा, मग दोन आचके द्यायचा आणि बंद. इंजिनाला डिझेल पोचत नाही एवढं कोणीही सांगितलं असतं. का पोचत नाही, हे तिला काही केल्या सापडत नव्हतं, आणि खालचं शेत अर्धं नांगरून पडलं होतं.

वाटी जागेवर बसवून ती हात पुसत आत आली तर बाबांच्या खुर्चीत दलाल बसलेला. जुन्या गाड्या घेणारा, पोटावर बटण ताणलेला, तसा स्वभावानं वाईट नसलेला माणूस. पण बाबा गेल्यापासून त्या खुर्चीत घरातलंही कोणी बसत नव्हतं. त्याच्या हातात कपबशी होती. भिंतीलगत आई शेंगा सोलत बसली होती. धाकटा शहरातून आला होता आणि बूट न काढता पलंगाच्या कडेला टेकला होता, म्हणजे लगेच निघायचं असल्यासारखा. दादा उभा होता. दादाला काही ठरवायचं असलं की तो उभा राहून बोलतो.

"बस," दादा म्हणाला.

"हात तेलकट आहेत. बोल."

"बोलायचं काय, सगळं दिसतंच आहे. तीन आठवडे झाले, शेत पडून आहे. हा ट्रॅक्टर देऊन टाकू आणि जमीन कंत्राटदाराला नांगरायला देऊ. धाकट्यालाही पटलंय."

"म्हणजे मला तसं वाटतं," धाकटा म्हणाला. "आता तू तरी किती दिवस करणार, ताई?"

धाकट्याचं मत नेहमी जो शेवटचं बोलला त्याच्यासारखं असायचं, त्यामुळे मधलीला त्याचा राग आला नाही. राग आला तो 'आता तू तरी किती दिवस' याचा. एकोणीस वर्षं या तिघांच्या वाट्याची जमीन तिनं एकटीनं नांगरली. आजोबांनी दगड वेचून जी जमीन केली, बाबांनी जी ट्रॅक्टर आणून वाढवली, ती हिनं पडू दिली नाही. बाबांचे हात थरथरायला लागले तेव्हा दादा म्हणाला होता, मला धूळ सोसत नाही. धाकटा तेव्हा परीक्षेला बसत होता, आणि त्या परीक्षा पुढं सात वर्षं चालल्या. आणि आता कंत्राटदार!

"ट्रॅक्टर बिघडलाय," ती म्हणाली, "मेला नाही. इंजिन ठणठणीत आहे. डिझेल कुठंतरी अडतंय, ते सापडलं की झालं."

"तुला सापडत नाही, आणि मी गेलो की बरा चालू होतो?" दादानं दलालाकडं पाहिलं, जसा काही तो न्यायाधीशच. "तुम्हीच सांगा. शेतात बंद पडतो. ही तासभर खटपट करते, काही नाही. मग मला बोलावणं येतं. मी जातो, आणि पाच मिनिटांत चालू. दर वेळी. याचा अर्थ काय?"

"अर्थ काय?" मधलीनं विचारलं.

"अर्थ असा की बिघाड ट्रॅक्टरमध्ये नाहीच."

आईच्या हातातली शेंग फटकन फुटली.

"नीट बोल," मधली म्हणाली. "अर्धवट बोलू नकोस."

"बोलतोच. महिन्यापूर्वी माझ्या लक्षात आलं की टाकीतलं डिझेल कमी होतंय. बाबांची लाकडी पट्टी घालून मी रोज मोजायला लागलो. संध्याकाळी अंगणात अकरा बोटं. सकाळी शेडपुढं बघावं तर सात. रातोरात चार बोटं डिझेल गायब! म्हणून वेल्डरकडून कुलुपाचं झाकण करून घेतलं आणि किल्ली माझ्या खिशात ठेवली. आणि बघा, कुलूप लागलं त्याच आठवड्यात ट्रॅक्टर बंद पडायला लागला. ज्याची सोय बंद झाली, त्यालाच राग येणार ना?"

"आणि कुलूप लावल्यावर डिझेल कमी व्हायचं थांबलं?" दलालानं सहज विचारलं.

"कुठलं! अजून रोज चार बोटं जातातच. म्हणजे दुसरी किल्ली करून घेतलीय."

"पण मग," दलाल गोंधळला, "सोय बंद झाली म्हणून राग, की सोय चालूच आहे? दोन्ही एकदम कसं?"

वहिनी तोंडाला पदर लावून हसली, आणि नवऱ्यानं पाहताच खोकली. दादाचं मात्र काही अडलं नाही. एकदा चोर ठरवला की पुरावे आपोआप रांगेत येऊन उभे राहतात, मागचा पुढच्याला ढकलत असला तरी.

मधलीच्या कानशिलात रक्त भरलं. कुलूप बसवलं त्या दिवशी ती दादाशी भांडली नव्हती. "पोरं रस्त्यावरून येतात, डिझेल काढून नेतात," असं त्यानं सांगितलं होतं आणि तिनं अर्धवट मानलं होतं. पण मनात कुठंतरी डंख बसलाच. तेव्हापासून त्या झाकणाला आपण हात लावायचा नाही, असं तिनं ठरवून टाकलं होतं. डिझेल भरायचं असलं तरी दादाला हाक मारायची आणि स्वतः चार पावलं लांब, पाठ करून उभं राहायचं. त्याची किल्ली, त्याचं झाकण, बघू दे त्यालाच.

"तू मला चोर म्हणतोयस," ती म्हणाली.

"मी कोणाचं नाव घेतलेलं नाही."

"नाव नाहीच घेतलं त्यांनी," दलाल पुन्हा मध्ये पडला. त्याला वाटलं आपण सावरून घेतोय. "म्हणजे, वेल्डर आपला म्हणत होता की घरातच चोर आहे म्हणून कुलूप करून घेतलंय. पंपावर पण तसंच काहीतरी... जाऊ दे, लोक काय, काहीही बोलतात."

त्यानं कप तोंडाला लावला, पण चहा केव्हाच संपला होता.

मधलीला आता कळलं की पंपावरचा माणूस हल्ली कॅन भरताना 'घरीच नेणार ना?' असं का विचारतो, आणि वेल्डर तिला पाहून मशीन का चालू करतो. तीन आठवडे सगळ्या रस्त्याला माहीत होतं. एक तिलाच नव्हतं. आईनं पाटी बाजूला ठेवली. "तू हे बाहेर बोललास?" तिनं दादाला विचारलं.

"झाकण का हवंय ते सांगायला नको? आणि आई, तू यात पडू नकोस. मी सांगतो ते साधं आहे. मी काही जादू करत नाही. मी जातो, किल्ली लावतो, झाकण उघडतो, डिझेल आहे का बघतो, झाकण लावतो, कुलूप घालतो आणि म्हणतो, मार स्टार्टर. ट्रॅक्टर चालू! मी एका स्क्रूला हात लावत नाही. मग मला सांगा—"

"थांब," मधली म्हणाली.

"का थांबू?"

"परत सांग. तू गेल्यावर काय करतोस?"

"किल्ली लावतो, झाकण उघडतो—"

"झाकण उघडतोस!"

ती बाहेर पळालीच. वयाच्या पन्नाशीला आलेली बाई अंगणातून पळते आहे हे पाहून धाकटा उठला, त्याच्यामागं दलाल, आणि मग खोलीत एकट्यानं उभं राहून ठरवण्यात अर्थ नाही म्हणून दादाही.

ट्रॅक्टर नेहमीप्रमाणे शेडपुढच्या उतारावर, नाक खाली करून उभा होता. मधलीनं पुढच्या चाकाला ओंडका लावला. खाली बादली ठेवली आणि टाकीच्या तळाशी जोडलेल्या नळीचा नट पान्यानं सोडवला.

"हे बघा सगळ्यांनी. टाकीत डिझेल आहे ना, दादा?"

"सकाळी सात बोटं होतं. मीच मोजलं. म्हणजे अकरा बोटं असायला हवं होतं—"

"सात तर सात." तिनं नळी ओढून बाजूला केली. टाकीच्या तळच्या भोकातून करंगळीएवढी धार बादलीत पडायला लागली.

"येतंय की चांगलं," धाकटा म्हणाला.

"बघ नुसता."

सगळे बघत राहिले. धार थोडा वेळ तशीच पडली. मग ती सुतळीएवढी झाली. मग तिचे थेंब झाले, आणि थेंबांमध्येही अंतर पडायला लागलं. बादलीत जेमतेम तांब्याभर डिझेल जमलं होतं.

"संपलं?" वहिनीनं दारातून विचारलं.

"टाकी अर्धी भरलीय, वहिनी. संपेल कसं? दादा, आता ये. तुझी ती जादू कर. किल्ली लाव आणि झाकण उघड. आणि एक मेहरबानी कर, उघडताना बोलू नकोस."

हे तिनं मुद्दाम सांगितलं, कारण दादा कुलूप उघडताना कायम बोलत असे, बहुतेक तिच्याच चुकांबद्दल. आज तो पहिल्यांदा गप्प राहून पायरीवर चढला. कुलूप निघालं. झाकण फिरलं, आणि त्याच्या रबरी कडेखालून 'सूं' असा आवाज आला, सगळ्यांना ऐकू जाईल एवढा. त्याच क्षणी खाली बादलीत पुन्हा करंगळीएवढी धार धो धो पडायला लागली.

मधलीनं बोट लावून ती थांबवली आणि नळी परत बसवली. घाईत नट दोनदा आड गेला.

"टाकीतून डिझेल खाली गेलं की त्याच्या जागी वरून हवा यावी लागते," ती म्हणाली. "जुन्या झाकणाला त्यासाठी सुईएवढं भोक होतं. तुझ्या या झाकणाला कुठाय भोक? वेल्डरला तू सांगितलं असणार, थेंब बाहेर यायला नको, चोराचं बोट जायला नको. त्यानं खाली रबर लावून पक्कं बंद करून दिलं. अर्धा तास चालला की आतली हवा ताणली जाते आणि डिझेल खाली उतरत नाही. तू येऊन झाकण उघडतोस, हवा आत जाते, ट्रॅक्टर चालू होतो, आणि तू माझ्याकडं असा बघतोस! तीन आठवडे तूच याचा गळा दाबत होतास आणि तूच सोडत होतास."

"मला काय माहीत असल्या गोष्टी?" दादा म्हणाला.

"नव्हतं माहीत, तर विचारायचं! आणि मीही मूर्ख. त्या झाकणाला हात लावायचा नाही म्हणून रुसून बसले. एकदा हातात घेतलं असतं तर त्याच दिवशी कळलं असतं."

"मला आधीपासून वाटतच होतं," धाकटा म्हणाला, "की झाकणाचं काहीतरी आहे."

"तू तर बोलूच नकोस," वहिनी म्हणाली, आणि आज पहिल्यांदाच ती उंबरठ्याबाहेर आली.

दादानं खिशात हात घातला. हरल्यावर माणूस दुसरीकडून शिरतो तसा तो म्हणाला, "ठीक आहे. हे झालं बंद पडण्याचं. पण चार बोटांचं काय? रातोरात डिझेल जातं, ते झाकणानं प्यालं का?"

मधलीनं त्याच्याकडं पाहिलं, मग ट्रॅक्टरकडं, मग ट्रॅक्टर ज्या उतारावर उभा होता त्या उताराकडं. आणि ती हसली. ते हसू काही चांगलं नव्हतं.

"पट्टी कुठाय?"

पट्टी आली. तिनं ती स्वतः घेतली नाही. "तुम्ही मोजा," ती दलालाला म्हणाली. "तुम्ही ना याचे, ना माझे."

दलाल धापा टाकत वर चढला, पट्टी बुडवून काढली, बोटं लावून पाहिली. "साडेसहा."

"तांब्याभर आपण काढलं, म्हणजे बरोबर." तिनं पंपाचे स्क्रू ढिले करून नळीतली हवा काढली, फेस जाऊन साफ डिझेल आल्यावर ते आवळले, ओंडका काढला आणि ट्रॅक्टर उतारावरून सोडला. क्लच सोडताच इंजिन धडधडलं. अंगणातल्या सपाट फरशीवर आणून तिनं तो थांबवला आणि बंद केला. "आता मोजा."

दलालानं पुन्हा पट्टी घातली. ती त्यानं डोळ्यांजवळ नेली, उलटी करून पाहिली, परत बुडवली. "साडेदहा हो!"

"चोरानं परत आणून ओतलं वाटतं," दारात येऊन उभी राहिलेली आई म्हणाली.

"बॅटरी मरायला टेकलीय याची, गरम इंजिन कसंबसं फिरवते, सकाळचं गार नाही," मधली दादाला म्हणाली. "नवी आण म्हणून तीन वर्षं सांगतेय. म्हणून मी रोज संध्याकाळी तो उतारावर लावते, सकाळी ढकलून चालू करायला. नाक खाली असलं की डिझेल पुढं जातं आणि मागच्या तोंडातून पट्टी घातली की कमी दिसतं. संध्याकाळी तू सपाटीवर मोजलंस, सकाळी उतारावर मोजलंस. चार बोटांचा फरक, आणि तेवढ्यावर बहीण चोर!"

आता खरं तर काही उरलं नव्हतं. दलाल पट्टी पुसून खाली उतरला आणि म्हणाला की आपण निघतो, इथं विकायला काही दिसत नाही. धाकट्यानं बूट काढले. दादा झाकण हातात फिरवत होता.

"बरं झालं," तो म्हणाला. "म्हणजे विकायला नको. याला एक भोक पाडून घेऊ, की झालं. उद्यापासून लाग कामाला."

मधली बघतच राहिली. वाक्य संपलं असं तिला वाटेचना, अजून काहीतरी येईल म्हणून ती थांबली. काहीच आलं नाही.

"एवढंच?" तिनं विचारलं.

"आणखी काय? शंका कोणालाही येते. मोठ्या घरात चालायचंच. घरातल्या घरात कोणी माफी मागतं का?"

"घरातल्या घरात असतं तर मी गिळलं असतं. तू रस्त्यावर बोललास. वेल्डरकडं बोललास, पंपावर बोललास. मी त्या रस्त्यानं तीन आठवडे मान वर करून जात होते, आणि ते लोक मला बघत होते! जिथं बोललास, तिथं जाऊन सांग. आज. तोवर मी या ट्रॅक्टरला नांगर जोडणार नाही. तुझं शेत तू नांगर, धाकट्याचं धाकट्याला नांगरू दे."

"मी? वेल्डरपुढं जाऊन? लोक हसतील!"

"मला हसत होते तेव्हा तुला चाललं?"

"आई, सांग हिला."

"मी तुलाच सांगते," आई म्हणाली. "जा."

दादानं बायकोकडं पाहिलं. या घरात अजून तेवढी एक बाजू आपली आहे असं त्याला वाटत होतं. वहिनीनं कुलूप लावायच्या दिवशी 'बरं केलंत' म्हटलं होतं, हे खरंच. पण ती आता पदर खोचून उभी होती.

"जा म्हणते मी," ती म्हणाली. "आज चार बोटांवरून बहिणीला चोर म्हणालात. उद्या डब्यातली साखर कमी दिसली की माझी पाळी. तेव्हा कोणाकडून कुलूप करून आणाल?"

सगळ्यांनी ढकलून ट्रॅक्टर चालू केला, मधली चालवायला बसली आणि दादा मडगार्डवर बसून गेला. चालत जाणं त्याला शोभलं नसतं, आणि गाडी धाकट्यानं मुद्दाम दिली नाही. त्याचं मत बदललं होतं. मधलीनं टाकीच्या तोंडावर फडकं बांधलं होतं. वीस मिनिटांच्या वाटेत एकदा खड्ड्यात आदळल्यावर तिनं सवयीनं "धर नीट" म्हटलं, आणि म्हटल्याचा तिला राग आला.

वेल्डरच्या टपरीपुढं चार माणसं होती. शेजारी पंक्चरवाला, पलीकडं पेट्रोल पंप. दादा उतरला, कपडे झटकले आणि झाकण पुढं केलं. "याला भोक पाडून द्या."

"पाडतो की," वेल्डर म्हणाला. मधलीकडं बघायचं त्यानं टाळलं.

दादा तिथंच उभा राहिला. मधली सीटवरून त्याची पाठ बघत होती. ती पाठ आता वळेल आणि तो म्हणेल, चल, असं तिला वाटलं. तसं झालं असतं तर ती तिथूनच निघून गेली असती, ट्रॅक्टर चालू सोडून, चावी तशीच ठेवून. दादा वाकला आणि वेल्डरच्या कानाशी काहीतरी बोलला.

"काय?" वेल्डर म्हणाला. "इंजिन चालू आहे, काही ऐकू येत नाही."

दादानं वळून तिला हातानं खूण केली, बंद कर.

तिनं मान हलवली. नाही.

दादा तिच्याकडं बघत राहिला. चेहरा लाल झाला होता, डोळ्यांत चक्क पाणी होतं, रागाचं की लाजेचं ते तिला कळलं नाही आणि तिला कळून घ्यायचंही नव्हतं. मग तो रस्त्याकडं तोंड करून, दोन्ही हात खाली सोडून ओरडला, "माझ्या बहिणीनं डिझेल चोरलं नव्हतं! मी चुकीचं बोललो होतो!"

पंक्चरवाल्याचा हात थांबला. पंपावरच्या माणसानं नळी हातात तशीच धरून मान वर केली आणि पहिल्यांदा दादाकडं, मग मधलीकडं पाहिलं.

त्यानं आपणहून नजर खाली घेईपर्यंत मधलीनं त्याच्यावरची नजर काढली नाही. मग तिनं इंजिन बंद केलं.